पाठीमागच्या बाकावरचे आबा

आमच्या मळवली स्टेशनच्या फलाटावर पाठीला पाठ लावून ठेवलेले दोन बाक होते. एकावर बसलं की तोंड रुळांकडे, दुसऱ्यावर बसलं की भाताच्या खाचरांकडे. सकाळच्या लोकलची वाट बघत मी रुळांकडच्या बाकावर बसायची आणि आबा खाचरांकडच्या. राजकारणातलं जे काही मला येतं, ते मी असं शिकवणाऱ्याचं तोंड न बघता शिकले.

आबा खाचरांकडे बघत, ओठ फारसे न हलवता बोलायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा एकटाच पुटपुटतोय. त्यांना तेच हवं असायचं. "येडा समजलं तर बरंच की," ते म्हणायचे. "येड्याच्या मागं कुणी लागत न्हाई."

आबा आमच्या ग्रामपंचायतीचे निवृत्त शिपाई. पाण्याचा व्हॉल्व्ह सोडणं, नोटिसा चिकटवणं, दवंडी देणं, ही त्यांची कामं. पण अक्षर असं देखणं, की प्रत्येक ग्रामसेवकाने आपलं लिहायचं काम त्यांच्यावरच ढकललेलं. गावातल्या भिंतींवरचं 'पाणी जपून वापरा' आबांच्या हातचं, शाळेच्या फाटकावरचं नाव आबांच्या हातचं. गावातलं शेंबडं पोरही ते अक्षर ओळखायचं.

आणि मी आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत घाबरट माणूसही तेच.

रस्त्याने गाडीचा हॉर्न वाजला की आबा गर्रकन वळून भिंतीकडे तोंड करायचे आणि तिथे जे काही लावलेलं असेल ते वाचत उभे राहायचे. त्यामुळे गावातल्या झाडून सगळ्या पुढाऱ्यांचे वाढदिवस त्यांना पाठ होते. खिशाला दोन पेनं असायची. त्यातलं एक कोरडं. कुणी सहीसाठी पेन मागितलं की आबा कोरडं काढून द्यायचे आणि तो झटकत बसला की हळूच तिथून सटकायचे. निवडणूक लागली की महिनाभर ते कुणाच्या घरचा चहा सोडा, पाणीही प्यायचे नाहीत. घरी एकटेच राहायचे. मुलगा चाकणला, बायको कधीच गेलेली. दाराला आतून कडी, आणि कडीला भरवसा नको म्हणून दारामागे पातेल्यांची उतरंड. कुणी दार ढकललंच, तर सगळी आळी जागी व्हावी.

गावात त्यांची टिंगल चालायची. मीही हसायची. सदस्य होईपर्यंत.

मी सदस्य झाले ती माझ्या कर्तबगारीने नाही. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव निघाली. भावकीने बसून ठरवलं, माझा अर्ज भरला, समोर कुणी उभंच राहिलं नाही. मी तेव्हा लोणावळ्यात एका चिक्कीच्या दुकानात काउंटरला होते, अजूनही आहे. नवरा टुरिस्ट गाडी चालवतो. बिनविरोध निवडून आल्याचं मला नवऱ्याच्या फोनवरून कळलं. गिऱ्हाइकाला शेंगदाण्याची चिक्की बांधून देत होते. फोन ठेवला आणि उरलेले सुट्टे पैसे परत केले.

पहिल्या मासिक सभेला ग्रामसेवक भाऊसाहेबांनी वही पुढे सरकवली. सरपंच म्हणाले, "वहिनी, इथं, इथं आणि इथं." सरपंच तरणे, गोड बोलणारे. मी तीन सह्या केल्या, चहा प्याले आणि निघाले.

बाहेर पायरीवर आबा बसलेले. निवृत्त झाले तरी रोज तिथे येऊन बसायची सवय सुटली नव्हती. मी पुढे गेले. वळणावर मागून आवाज आला.

"मागं बघू नको, सूनबाई. चालत ऱ्हा. सही केली का?"

"केली."

"कशावर?"

मला सांगता येईना.

"वर कोरी जागा व्हती का?"

मी आठवून बघितलं. होती. अर्धं पान कोरं होतं.

मग आबा म्हणाले, "त्या अर्ध्या पानावर आता ते काय बी लिवतील. तुजं घर बी लिवतील. उद्या टेशनावर बाकावर बस. माज्याशी बोलायचं न्हाई. नुसतं ऐकायचं."

त्या दिवसापासून शाळा सुरू झाली.

आबांचं राजकारण म्हणजे भाषण, झेंडा, पक्ष यांतलं काहीच नव्हतं. त्यांचं राजकारण कागदाचं. सही करताना शेवटच्या ओळीला चिकटून करायची. तारीख आपल्या हाताने घालायची. सभेची नोटीस आली की आधी विषयपत्रिका बघायची, आणि त्यातही शेवटचा विषय. "आयत्या येळचा विषय म्हणत्यात त्याला. समदी पापं तितं असत्यात," आबा म्हणायचे. गावची ग्रामसभा भरायला ठरावीक माणसं लागतात, त्याला कोरम म्हणतात, हे मला त्यांनीच सांगितलं. कोरम झाला नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही, हेही.

"म्हंजे?" मी विचारलं.

"म्हंजे पयल्या सभंला कुणी यायचंच न्हाई अशी येळ धरायची. मग दुसऱ्या सभंत सात जण बसून गाव इकायला मोकळं."

एक वाक्य त्यांनी माझ्याकडून घोटून घेतलं. 'अध्यक्ष महाराज, माझा विरोध नोंदवून घ्या.' मला ते म्हणताच यायचं नाही. फलाटावर चार माणसं, कोण ऐकेल, काय म्हणेल. आबांनी त्यावर तोड काढली. मळवलीला न थांबणारी एक्सप्रेस धडाडत यायची. ती फलाटात शिरली की आबा म्हणायचे, "हां, आता!" आणि मी त्या आवाजात ओरडायची. माझं मलाही ऐकू यायचं नाही. गाडी गेली की आबा पाठीमागून म्हणायचे, "नोंदवूनच्या आदी आवाज पडतोय. उद्या परत."

एकदा मी त्यांना विचारलं, "आबा, तुमाला एवढं येतं, तर तुमी का न्हाई कधी उभं ऱ्हायला?"

"मला भ्या वाटतं," आबा म्हणाले. जणू मी त्यांना वय विचारलं होतं.

मग झऱ्याचं प्रकरण आलं.

आमच्या गावाच्या वर, डोंगराच्या पोटाशी एक वाडी आहे. वीस-पंचवीस उंबरे. नाचणी, वरई करणारी, नाहीतर बंगल्यांवर मजुरीला जाणारी माणसं. वाडीच्या वर कातळातून झरा येतो, उन्हाळ्यातही आटत नाही. त्या जागेवर रिसॉर्ट करायचं एका पैसेवाल्या पार्टीच्या मनात होतं. मासिक सभेत शेवटचा विषय म्हणून तो आला. पंचायतीची हरकत नसल्याचा ठराव ग्रामसभेपुढे ठेवायचा होता, आणि त्याला आधार म्हणून सरपंच एका जुन्या ठरावाचं नाव घेत होते. वही फिरत फिरत माझ्यापर्यंत आली.

मी सही केली नाही. विरोधही केला नाही. एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, मला आधी कागद बघायचेत."

सरपंच हसले. "बघा की वहिनी. तुमचंच आहे सगळं."

त्यानंतर चार दिवसांनी दुकानात एक माणूस आला. पांढरा शर्ट, मनगटाला लाल दोरा. पाव किलो चिक्की घेतली. बांधून होईपर्यंत इकडेतिकडे बघत म्हणाला, "तुमची पोरगी दुसरीत ना? तिची रिक्षा पिंपळापाशी थांबते. पोरं उतरतात, रिक्षावाला मोबाइल बघत बसतो. लक्ष नसतं हो लोकांचं." पैसे ठेवले आणि गेला. चिक्की काउंटरवरच राहिली.

त्या दिवशी मी काय विकलं, कुणाला काय दिलं, काही आठवत नाही. मालकाला पोटात दुखतंय सांगून मी निघाले आणि शाळेच्या फाटकाशी जाऊन दीड तास उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी बाकावर बसून आबांना सगळं सांगितलं. मी मान वळवली तेव्हा आबा फलाटाच्या टोकाला पोचले होते. जवळजवळ पळत होते. पुढचे आठ दिवस त्यांचा बाक रिकामा.

त्याच आठ दिवसांत ग्रामसभेची पहिली तारीख येऊन गेली. भर लावणीच्या दिवसांत, सकाळी. कोण येणार? सभा तहकूब झाली, पुढची तारीख पडली. आबांनी सांगितलं होतं तसंच, पायरीपायरीने.

सदस्याला दप्तर बघता येतं, हे मला माहीत होतं. मी रजा काढून पंचायतीत गेले आणि जुन्या सभांचं प्रोसिडिंग बुक मागितलं. भाऊसाहेबांनी कुरकुरत काढून दिलं. सरपंच ज्या जुन्या ठरावाचा सारखा हवाला देत होते, तो सापडला. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा. 'सदर झरा कोणाच्याही वापरात नसून वाडीस त्याची आवश्यकता नाही. सर्वानुमते मंजूर.' खाली वाडीतल्या माणसांचे अंगठे. आणि अक्षर मोत्यासारखं.

मी तिथून तडक आबांच्या घरी गेले. दार उघडेना. खिडकीशी जाऊन हाका मारल्या, तेव्हा गजांमागे त्यांचा चेहरा आला. दाढी वाढलेली.

"आबा, त्यो ठराव तुमच्या अक्षरात हाय."

"हळू बोल."

"सांगा मला. झरा वापरात न्हाई? वाडी काय हवा पिती?"

आबांनी दोन्ही हातांनी गज धरले. मग त्यांनी सांगितलं. सभा झालीच नव्हती. तेव्हाच्या सरपंचाने घरी बोलावलं, लिही म्हणाला, यांनी लिहिलं. वाडीवर जाऊन अंगठे घेतले, रेशनचा कागद आहे सांगून. शाईचा पॅड आबांच्याच हातात होता. फक्त एका माणसाने विचारलं, कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखव. त्याने अंगठा दिला नाही.

"पंधरा दिसांनी त्याची झोपडी जळाली," आबा म्हणाले. "मानसं वाचली. कुणी जाळली, म्हाईत न्हाई. मी म्हाईत करून घेतलंच न्हाई. पोरंबाळं घिऊन त्यो घाट उतरून कोकनात गेला. परत आला न्हाई."

मला त्यांचा राग आला होता. त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण आता पाठीशी कुणीच उरलं नव्हतं.

"आबा, मी काय करू?"

"सही करून टाक," आबा म्हणाले. "लेक हाय तुला." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

घरी आल्यावर नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाडीची किल्ली बोटात फिरवत बसला. "राजीनामा दे" म्हणेल असं वाटलं होतं. म्हणाला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळचं भाडं सोडून तो स्वतः लेकीला शाळेत पोचवायला लागला.

सभेच्या आदल्या दिवशी मी वाडीवर गेले. सदस्य झाल्यापासून पहिल्यांदाच गेले, हे सांगायला मला लाज वाटते. पहिल्याच घराच्या पडवीत बायजामावशी नाचणी पाखडत होती. झोपडी जळालेला माणूस तिचा थोरला दीर होता, हे तिनेच सांगितलं.

"उद्या सभंला या," मी म्हणाले.

"आमाला कोण बोलावतंय?"

"मी बोलावते."

"तू कोण?"

"सदस्य."

ती हसली. "सदस्य मतं मागाया येत्यात. तू अशी मधीच कशी आलीस?"

मी ठरावात लिहिलेलं तिला सांगितलं. तिचा हात सुपावरच थांबला. "वापरात न्हाई?" ती म्हणाली. "कुणाच्या वापरात न्हाई?"

सभा देवळाच्या मंडपात होती. मोजून बारा माणसं. मागच्या खांबाला टेकून तो पांढऱ्या शर्टवाला उभा. आबा येतील, असं कुठेतरी वाटत होतं. दर मिनिटाला मी दाराकडे बघत होते. आबा आले नाहीत.

भाऊसाहेबांनी ठराव वाचला. "कुणाची हरकत?" सरपंचांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढचा कागद उचलला.

मी उभी राहिले. समोरची खुर्ची धरली, तर ती खुर्चीच खडखडायला लागली.

"अध्यक्ष महाराज, माझा विरोध नोंदवून घ्या."

"घेतला हं वहिनी लक्षात. बसा."

"लक्षात नको. वहीत घ्या."

भाऊसाहेब सरपंचांकडे बघायला लागले. तेवढ्यात मंडपाच्या दाराशी पैंजण वाजले. बायजामावशी आणि तिच्या मागे वाडीच्या दहाबारा बाया. मावशीच्या डोक्यावर भरलेली कळशी. ती सरळ पुढे आली, कळशी टेबलावर ठेवली, भाऊसाहेबांच्या चहाच्या कपात पाणी ओतलं आणि म्हणाली, "पी. वापरात नसल्यालं पानी हाय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. भाऊसाहेबांनी पेन उचललं आणि माझा विरोध लिहिला. त्याखाली बायांनी सांगितलं तेही लिहिलं. मी प्रत्येक ओळ वाचली, मगच सही केली. ठराव त्या दिवशी झाला नाही. पण उठताना सरपंच मला हळूच म्हणाले, "वहिनी, जुना ठराव आहेच की. तो खोटा आहे, असं कोण सांगणारे?"

सांगू शकेल असा एकच माणूस होता. तो घरात कडी लावून बसलाय, असं मी धरून चालले होते.

महिन्याभराने एका सकाळी मी बाकावर बसले होते. पाठीमागचा बाक करकरला.

"मी अर्ज दिलाय," आबांचा आवाज आला. "तालुक्याला. ठराव खोटा हाय, मीच लिवलाय म्हनून. काल चौकशीची नोटीस आली."

"कधी दिला अर्ज?"

"सभंच्या दिशी. सकाळच्या यष्टीनं गेल्तो."

मला रडू फुटलं आणि रागही आला. "मग सभेतच का न्हाई आला? मी एकटी उभी व्हते!"

"तितं समदी वळखीची मानसं," आबा म्हणाले. "लय भ्या वाटतं. कचेरीत कुणी वळखत न्हाई, म्हनून गेलो."

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. तो जुना ठराव रद्द झाला. वाडीचं पाणी म्हणून झऱ्याची नोंद झाली. रिसॉर्टवाले दुसरी जागा बघतायत असं कानावर येतं, आणि ती जागाही कुणाच्या ना कुणाच्या पाण्यावरचीच असणार. सरपंच मला अजून वहिनीच म्हणतात. पांढऱ्या शर्टवाला बाजारात दिसतो, मान हलवतो. रस्त्यात मागे गाडी हळू झाली की मी अजून वळून बघते. पुढच्या खेपेला आमची जागा राखीव नसेल. तरी मी अर्ज भरणार आहे, आणि या वेळी तो मी स्वतः लिहिणार आहे.

आबा गेल्या थंडीत गेले, झोपेतच. माणसं फार नव्हती. वाडीवरून बायजामावशी आली होती. ती रडली नाही, पण शेवटपर्यंत थांबली.

आबा म्हटलं की मला मात्र चौकशीचा दिवस आठवतो.

मी त्यांच्याबरोबर गेले होते. कचेरीत साहेबांसमोर एक खुर्ची, त्यावर आबा. धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा. बाजूला सरपंच आणि त्यांचे वकील. मागे भिंतीशी पांढरा शर्ट. आबांनी त्याला आत येतानाच पाहिलं होतं.

साहेबांनी विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"माजंच."

"सभा झाली होती?"

"न्हाई."

"तुमच्यावरही कारवाई होऊ शकते. कळतंय ना?"

"व्हय."

"मग तेव्हा का लिहिलंत? धमकी दिली होती का कुणी?"

मला वाटलं, आता आबा 'होय' म्हणतील. म्हटलं असतं तर सुटले असते.

"न्हाई सायेब," आबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता, कुठेही पडला नाही. "धमकी कुणी दिलीच न्हाई. द्यायची येळच आली न्हाई. मी आदीच भ्यायलो व्हतो. लिव म्हनले, लिवलं. ज्यानं इचारलं त्याचं घर जळालं आन मी आजवर गप ऱ्हायलो. हे बी लिवून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं, वाचून दाखवलं. आबांनी सही केली, शेवटच्या शब्दाला अगदी चिकटून.

"झालं आबा. जा तुम्ही."

आबा उठले नाहीत. साहेबांनी पुन्हा सांगितलं. आबा समोर बघत बसून राहिले. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबलेले. वकिलांनी भुवया उंचावल्या. सरपंच पुढे वाकून बघायला लागले. तेव्हा माझं लक्ष गेलं. खुर्चीच्या कडेवरून एक थेंब खाली पडला. मग दुसरा.

साहेबांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या होता. "आबांना जरा पाणी देते हं," म्हणत मी तो उचलला, भांड्यात ओतायला वाकले आणि सगळा तांब्या त्यांच्या मांडीवर उपडा केला.

"अगं बाई! सांडलं की माझ्या हातनं!"

पाणी धोतरावरून, खुर्चीवरून, फरशीवर पसरलं. शिपाई फडकं आणायला धावला. सरपंच पाय वर घेत मागे सरले.

आबांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. डोळे भरले होते. मग ते टेबलाचा आधार घेऊन उठले आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने माझ्यावर ओरडले,

"नीट धरता येत न्हाई का गं तुला?"